सोमवारच्या बाटल्या

कुमुदनं चिकटपट्टी बाटलीवर नखानं घासून घट्ट बसवली, एक टोक धरलं आणि झटकन ओढली. हिरवा पट्टा, त्यातलं औषधाचं नाव, खालच्या डोसाच्या रेघा, सगळं पट्टीला चिकटून वर आलं. बाटली कोरी राहिली. तिच्यावर कुणी कधी काही छापलंच नसावं, अशी.

"वहिनी, अख्खं नाव आलं बघा," ती म्हणाली.

मी दुसरी बाटली पुढं केली. तिचंही तेच झालं. तिसऱ्या बाटलीला तिनं पट्टी लावलीच नाही, नुसतं नख फिरवलं. दुधावरची साय निघावी तसा हिरवा पापुद्रा निघाला आणि तिच्या नखाला लटकत राहिला.

माझे यजमान दारात उभं राहून बघत होते. "शाई कापडावर जिरते, कागदावर बसते, पत्र्यावरसुद्धा बसते," ते म्हणाले. "या प्लास्टिकला काय झालंय?"

कुमुद माझी धाकटी नणंद. तिनं त्या तीन बाटल्या ओळीनं मांडल्या आणि त्यांच्याकडं बघत बसली. त्या बाटल्यांवर शाई धरली नाही, तर दिवाळीनंतर तिला जमखंडीला सासरी परत जावं लागणार होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. आमचं घर मिरजेत. सासरे शिंपी होते. ते गेल्यावर त्यांच्या दुकानाच्या खोलीत यजमानांनी छपाई सुरू केली. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई आणि ती ओढायला रबराची पट्टी, एवढंच आमचं भांडवल. त्यावर लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळांचे कापडी फलक छापायचे. पत्रिकांचा हंगाम संपला की जाळी भिंतीला टांगून ठेवायची.

त्या उन्हाळ्यात कुमुद एका पिशवीनिशी माहेरी आली होती. तिचा डावा कान गेला होता. कसा गेला ते तिनं एकदाच सांगितलं, तेही मला एकटीला, भांडी घासता घासता. नवऱ्यानं मारलं तेव्हा आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मग त्या बाजूनं आवाजच बंद झाले. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. आपण डावीकडून बोललो तर ती मान वळवून उजवा कान पुढं करायची, एवढंच.

मोठे दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, रेल्वेत होते आणि क्वार्टरमध्ये राहत. रोज संध्याकाळी आईला भेटायला यायचे. वाईट माणूस नव्हते. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या आणि घरात परत आलेली बहीण बघून स्थळं मागं फिरतील, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, की कुमुदचे सासरे सोपानराव दिवाळी झाल्यावर तिला न्यायला येणार आहेत आणि आपण हो म्हटलंय.

यजमान म्हणाले, "ती इथं काम करेल, अण्णा. माझ्याकडं."

"कसलं काम? वर्षातले चार महिने पत्रिका. तुमचं दोघांचंच भागत नाही."

"सांगलीची एक औषध कंपनी काचेच्या बाटल्या बंद करून प्लास्टिकच्या आणतेय. त्यांना त्यावर छापून पाहिजे. नमुना पास झाला तर बारा महिन्यांचं काम आहे."

"मिळालं, तर ती राहील," अण्णा म्हणाले. "मी स्वतः सोपानरावांना तोंडावर सांगीन. पण नाही मिळालं, तर तुम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही." मग ते खाटेकडं वळले. "आई, तुझं काय म्हणणं?"

सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. "तू मोठा आहेस," त्या म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

मला फार राग आला होता. पोटची पोर. तिचा कान फोडून धाडलेली. आणि ही बाई म्हणते, तू मोठा आहेस.

सासूबाईंना संधिवात होता. बोटं वाकडी झालेली, गुडघे सुजलेले. मधल्या खोलीत त्यांची खाट होती. नेमाचे दिवस सोडले तर रोज सकाळी कुमुद पितळी वाटीत निर्गुडीचं तेल कोमट करायची आणि त्यांचे गुडघे, घोटे, हाताची बोटं चोळून द्यायची. मग कुठं त्या उठून मोरीपर्यंत जाऊ शकायच्या. कुमुद आल्यापासून त्यांनी माझ्याकडून तेल लावून घेणं बंदच केलं होतं. तुझा हात जड आहे, म्हणायच्या. तसं होतं खरं. तेल लावून झालं, साबणानं हात धुतले, की कुमुद पुढच्या खोलीत यायची आणि आमचं काम सुरू व्हायचं.

शाई विकणारा कोल्हापूरचा एक म्हातारा यजमानांना म्हणाला, नुसती शाई बदलून उपयोग नाही, या जातीच्या प्लास्टिकला छापायच्या आधी आच दाखवावी लागते. मग यजमान भांडी जोडणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून रॉकेलवर चालणारी फुंकणी-बत्ती घेऊन आले. तिची निळी ज्योत फुसफुसत बाहेर यायची. पहिल्या दिवशी मी चार बाटल्या वितळवल्या. कुमुदला मात्र ते लगेच साधलं. आरती घेताना ज्योतीवरून हात फिरवतो ना, तितक्याच वेगानं ती बाटलीचा गळा धरून बाटली ज्योतीतून फिरवायची. ना जास्त, ना कमी.

आच लागली की नाही हे ओळखायची खूणही त्या म्हाताऱ्यानं सांगितली होती. कोऱ्या बाटलीवर पाणी टाकलं की अळूच्या पानावरचं पळतं तसं मणी मणी होऊन पळायचं. आच दाखवलेल्या बाटलीवर तेच पाणी सगळीकडं सपाट पसरायचं. आम्ही दोघी पहिल्यांदा ते बघून हसलो होतो. उगाचच चार-पाच बाटल्यांवर पाणी ओतून बघितलं.

त्या दिवशी छापलेल्या बाटल्यांवरची शाई धरली. पट्टी ओढली, काही आलं नाही. नखानं खरवडलं, काही आलं नाही. यजमानांनी पेढे आणले. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि पुन्हा भिंतीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी छापलेल्या बाटल्यांची अक्षरं निघाली. सगळी नाही. नावातलं पहिलं अक्षर जागेवर, पुढची दोन गायब, मग शेवटचं जागेवर. एखाद्या बाटलीचा हिरवा पट्टा मधूनच उडालेला.

मग सुरू झाला तो काळ मला अजून आठवतो. छापायचं, वाळवायचं, पट्टी ओढायची, आणि ओढताना तिघांनीही श्वास धरायचा. कधी बाटली टिकायची, बहुतेक वेळा नाही. यजमानांनी शाई बदलली. तिच्यात कडक होण्यासाठी जे औषध मिसळतात ते जास्त घातलं, कमी घातलं. बाटल्या उन्हात ठेवल्या, सावलीत ठेवल्या. मला म्हणाले, तू रबराची पट्टी घाईनं ओढतेस. मी म्हटलं, काल तुम्ही ओढली होती, तिचं काय झालं? ते ताटावरून उठून गेले. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि असं कधी झालं नव्हतं.

कुमुद भांडणात पडायची नाही. ती आच दाखवायची, बाटली माझ्यापुढच्या लाकडी खोबणीत ठेवायची आणि छापताना हलू नये म्हणून वरून बोटांनी दाबून बसवायची. मग मी तिच्यावर जाळी उतरवून शाई ओढायची. दिवसभर हेच. वाया गेलेल्या बाटल्यांचा कोपऱ्यात ढीग झाला. त्यातलीच एक धुऊन मी सासूबाईंच्या खाटेशी पाण्यासाठी ठेवली. त्यांच्या वाकड्या बोटांना तांब्या पेलत नसे, ही हलकी बाटली बरी पडे.

एक दिवस कुमुदच म्हणाली, "वहिनी, सोमवारच्या बाटल्यांची शाई निघत नाही."

आम्ही आठवून बघितलं. खरंच. पहिला टिकलेला दिवस सोमवारच होता. त्यानंतरचाही सोमवार. आठवड्याचे बाकीचे दिवस सगळे असेतसेच.

"महादेवाचा वार," ती म्हणाली. "पावतो म्हणायचा." तिच्या ओठावर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. पुढच्या सोमवारी तिनं सकाळी देवळात जाऊन बेल वाहिला, आणि त्या दिवशीच्या एकाही बाटलीची शाई निघाली नाही. तिनं ते सासूबाईंना सांगितलं. त्यांचा सोमवारचा कडक उपास असे. त्या ऐकत होत्या.

मग दिवाळी आली. दिवाळीच्या आठवड्यात मुळी एकही बाटली टिकली नाही.

भाऊबीजेला ओवाळून घेताना अण्णांनी सांगितलं, सोपानराव गुरुवारी सकाळी येतायत. आणि त्याच गुरुवारी कंपनीचे हुक्केरी साहेब नमुने बघायला येणार होते. यजमानांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कंपनीला फोन केला. सोमवारी आलात तर बरं होईल, असं म्हणून बघितलं. सोमवारी कारखान्याला सुट्टी असते, असं उत्तर आलं.

"सोमवारच्या बाटल्या वेगळ्या पेटीत भरू," यजमान म्हणाले. "त्याच दाखवू."

"आणि पुढं वर्षभर?" कुमुदनं विचारलं. "वर्षभर सोमवारच छापायचं?"

"आधी काम तर मिळू दे."

मंगळवारी सकाळी कुमुद नेहमीप्रमाणं तेलाची वाटी घेऊन खाटेजवळ बसली. मी चुलीपाशी होते. सासूबाईंचा आवाज आला.

"नको."

"आई, कालचा उपास झाला. आज लावायचं ना?"

"नको म्हटलं ना. हात लावू नकोस मला."

मी बाहेर आले. कुमुद वाटी हातात धरून तशीच बसली होती. मी म्हटलं, मग मी लावते. तर म्हणाल्या, तूही नको, ते तेलच घरातून काढ, वास येतो त्याचा. आणि वाटी उचलून मोरीत रिकामी करायला लावली. कुमुदकडून नाही, माझ्याकडून.

बुधवारीही तेच. त्यांचे गुडघे इतके आखडले की मोरीपर्यंत जायला मला त्यांना जवळजवळ उचलून न्यावं लागलं. कुमुद आधार द्यायला पुढं झाली, तर त्यांनी तिचा हात झटकला. त्या कण्हत होत्या आणि कण्हताना पांघरुणाचा बोळा तोंडात धरत होत्या. कुमुद परसात जाऊन बसली. मी तिच्या उजव्या बाजूला बसले.

"मन काढून घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "जाणारच आहे, मग कशाला जीव लावायचा, असं झालं असेल."

सासूबाईंच्या विषयी तेव्हा जे माझ्या मनात आलं, ते मी कागदावर लिहिणार नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही काही छापलं नाही. कोऱ्या बाटल्या मोजक्याच उरल्या होत्या. जाळी धुतली, खोबणी घासली, खोली झाडली.

गुरुवारी सकाळी अण्णा सोपानरावांना घेऊन आले. पांढरं स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं मऊ. मधल्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला. "न्यायला आलोय, भांडायला नाही," ते म्हणाले. "घर म्हटलं की कमीजास्त होतंच. पोरगा आता शांत झालाय." कुमुदनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या हातांकडं बघून म्हणाले, "हे काय करून घेतलंस? नखं हिरवी झाली की." अण्णांनी आदल्या दिवशीच तिची ट्रंक भरायला लावली होती. ती दाराशी ठेवलेली होती.

अण्णांना वाटलं असावं, पाहुण्यांसमोर पोरीचं वळण दिसू दे. ते म्हणाले, "कुमुद, आधी आईला तेल लावून दे. पुन्हा कधी तुझा हात लागेल तिला."

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "तिचा हात नको."

मग सोपानराव हळूच हसले. "बघा. आईच कंटाळली."

ते कुमुदच्या डाव्या बाजूला बसले होते. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ती पुढच्या खोलीत निघून गेली.

हुक्केरी साहेब दहाच्या सुमाराला आले. उंच, सडपातळ, बोलण्यात कानडी हेल. पिशवीतून त्यांनी स्वतःची चिकटपट्टी काढली. यजमानांनी पेटी पुढं केली. त्यांनी मधूनच एक बाटली उचलली, पट्टी लावली, ओढली. काही निघालं नाही. आणखी दोन बघितल्या. त्यांचा चेहरा खुलला.

"छान आहे की हो," ते म्हणाले. आणि हात पुसायला काही मिळतं का म्हणून इकडंतिकडं बघताना त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगावरची चादर उचलली.

यजमान पुढं झाले, पण उशीर झाला होता. साहेबांनी ढिगातली एक बाटली घेतली, पट्टी लावली, ओढली. नावाचा मधला भाग पट्टीबरोबर आला.

"या कधी छापल्या?"

यजमान माझ्याकडं बघू लागले, मी त्यांच्याकडं. कुमुद म्हणाली, "या मंगळवार, बुधवारच्या. इतर वारांच्या. पेटीतल्या सगळ्या सोमवारच्या."

"वार बघून शाई धरते काय तुमची?"

साहेबांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. आपला वेळ वाया गेला, असं काहीसं ते पुटपुटले आणि पिशवी उचलली. दाराशी जाऊन थांबले. मधल्या दारातून त्यांना खुर्चीवरचे सोपानराव दिसले असतील, आणि ट्रंकही दिसली असेल. काय वाटलं त्यांना, मला माहीत नाही. ते वळले आणि कुमुदला म्हणाले, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. आज गुरुवार. माझ्यापुढं एक छापा."

यजमानांनी बत्ती पेटवली. ज्योत निळी व्हायला जो वेळ लागला, तेवढा वेळ कुमुद पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडे होते, तरी पुसत होती. मग तिनं बाटली उचलली, ज्योतीतून फिरवली, खोबणीत ठेवली आणि बोटांनी दाबली. मी जाळी उतरवली. दोन्ही हातांनी रबराची पट्टी धरून शाई ओढली. जाळी उचलली. नाव स्वच्छ उठलं होतं. पण ते रोजच उठायचं.

साहेबांनी बाटलीच्या बुडाला आपल्या पेनानं खूण केली. "सांगलीत एक काम आहे, ते करून संध्याकाळी येतो. तोवर वाळू दे. हात कुणी लावू नका."

बाटली एका लाकडी ठोकळ्यावर उभी करून खिडकीच्या फळीवर उन्हात ठेवली.

तो दिवस संपता संपेना. सोपानरावांची गाडी संध्याकाळची होती. जेवण झाल्यावर ते तिथंच सतरंजीवर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. अण्णा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. एकदा माझ्याजवळ थांबून म्हणाले, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा चालू लागले.

कुमुद खिडकीसमोर बसली होती. ऊन सरकलं की ती उठायची, बाटलीखालच्या लाकडाला धरून ती उन्हात सरकवायची आणि पुन्हा बसायची. आतून सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. एकदा ते फारच वाढलं, तेव्हा कुमुद न राहवून आत गेली. मी मागोमाग गेले. सासूबाईंनी तिला बघितलं आणि दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले.

"बाटलीपाशी बस," त्या म्हणाल्या. "इथं काय ठेवलंय?"

दिवे लागायच्या वेळेला साहेब आले. त्यांनी बाटली उचलून बुडाची खूण बघितली. सोपानराव उठून, टोपी घालून तयार होते. अण्णांनी ट्रंकेच्या कडीला हात घातला होता. ते सगळे मधल्या दारात येऊन उभे राहिले.

साहेबांनी पट्टी लावली. नखानं घासली, एकदा, पुन्हा एकदा. आणि ओढली.

पट्टी उजेडाला धरली. ती कोरी होती.

त्यांनी आडवी पट्टी लावून ओढली. मग तिरपी. मग खिशातून किल्ली काढून कडेनं खरवडलं. मग पिशवीतून औषधाची शिशी काढली, ते चिकट औषध रुमालावर घेतलं आणि डोसाच्या रेघांवर घासलं. रेघा तशाच राहिल्या. आम्ही बघत होतो. कुमुद बघत नव्हती. तिनं डोळे मिटले होते आणि डावा कान आमच्याकडं होता, म्हणून साहेब काय म्हणाले ते मला तिला हलवून सांगावं लागलं.

ते म्हणाले होते, "काम तुमचं. पण पुढच्या खेपेला माझ्याकडं वारांच्या पेट्या येता कामा नयेत."

अण्णा ट्रंकेची कडी धरून उभेच होते. सोपानराव म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

तेव्हा आतून हाक आली. "विश्वनाथ."

सासूबाई अण्णांना पूर्ण नावानं कधी हाक मारत नसत. ते आत वळले.

"तू शब्द दिला होतास," त्या म्हणाल्या. "या पोरांना."

अण्णांनी बराच वेळ आईकडं बघितलं. मग ते सोपानरावांकडं वळून म्हणाले, "ती येणार नाही."

सोपानरावांचा मऊ आवाज तेव्हा गेला. काय काय बोलले ते. पोरीचं घर मोडताय, तुमच्याही मुली आहेत, उद्या दारात उभं कोण राहील. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले, पण कडी उचलून ट्रंक बाहेर नेली नाही. सोपानराव गेल्यावर त्यांनी ती उचलली आणि मधल्या खोलीत, सासूबाईंच्या खाटेखाली सरकवून दिली. मग ड्युटीवर गेले.

कुमुद देवापाशी दिवा लावत होती. मी सासूबाईंना पाणी द्यायला गेले. खाटेशी तीच वाया गेलेली बाटली होती. इतक्या दिवसांच्या पाण्यानं, हाताळण्यानं तिच्यावरची न धरलेली सगळी शाई निघून गेली होती, आणि धरलेली तशीच राहिली होती. दिव्याच्या उजेडात मी ती पहिल्यांदा नीट बघितली. हिरव्या पट्ट्यात चार कोरे डाग होते. लांबट, शेजारी शेजारी, एक थोडा खाली. खोबणीत बाटली दाबून बसवताना ठेवलेली कुमुदची चार तेलकट बोटं.

मी बाटली हातात धरून उभी राहिले. सोमवार. उपासाच्या दिवशी अंगाला तेल लावायचं नाही हा सासूबाईंचा नेम होता. आणि दिवाळीत तर सगळं घरच तेलात होतं.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"भाऊबीजेला," त्या म्हणाल्या. "दिवसभर या बाटलीशिवाय दुसरं काय असतं मला बघायला?"

"मग सांगायचं होतं की. ती हात धुऊनच बसायची, पण तेल नखात राहतं, कातडीत राहतं. आम्ही काळजी घेतली असती."

"सांगितलं असतं तर तिनं चोरून लावलं असतं. मी कण्हले की तिला राहवत नाही." त्यांनी वाकडी बोटं माझ्यापुढं केली. "आणि राखेनं, चिकणमातीनं हात घासून म्हणाली असती, गेलं बघ तेल. तिचे हात कोरडे पडायला पाहिजे होते. तिला माझा राग आला तरच ते पडणार होते."

मी त्यांच्या पायाशी बसले. पदरानं डोळे पुसले.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "आता सकाळी नको. काम झाल्यावर, संध्याकाळी लावत जाईल म्हणावं. आणि आज लावायला सांग. आज फार दुखतंय."

मी कुमुदला बोलावून आणलं. बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती बघितली, आईकडं बघितलं आणि मग हळूच आपली चार बोटं त्या चार डागांवर ठेवली. ती बरोबर बसली. तेल मी काढून टाकलं होतं, म्हणून शेजारून वाटीभर मागून आणलं. मी ते कोमट करून आणेपर्यंत कुमुद खाटेवर बसली होती आणि सासूबाईंनी आपले दोन्ही हात तिच्या मांडीवर सोडले होते.

ते काम पुढं पुष्कळ वर्षं चाललं. कुमुदनं नंतर आणखी चार बायका हाताशी घेतल्या. सकाळी कामाला येताना कुणीही डोक्याला तेल लावून यायचं नाही, असा तिचा नियम होता, आणि त्यावरून तिची थट्टाही व्हायची. सासूबाई सात वर्षं जगल्या. तेल रोज दिवेलागणीनंतर लावलं जायचं.

ती बाटली माझ्याकडं आहे. प्लास्टिक पिवळं पडलंय, झाकण हरवलंय, पण हिरवी शाई अजून तशीच आहे. कधीतरी मी तिच्यावर बोटं ठेवून बघते. माझी बसत नाहीत. माझा हात जडच आहे.